उसनं दिलेलं अक्षर

पार्थनं उजव्या हातात निळा स्केचपेन धरला, मित्राला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर भराभरा लिहिलं. आधी स्वतःचं नाव, त्याखाली इंग्रजीत दोन ओळी, मग एक हसरं तोंड. पेन कुठंही अडखळला नाही. दहावीचा शेवटचा पेपर सुटला होता आणि सेंटरच्या फाटकाबाहेर पोरं एकमेकांच्या शर्टांवर लिहीत होती, दरवर्षी लिहितात तशी. मी रस्त्यापलीकडं कडुनिंबाखाली बसून मेघाची वाट बघत होते. मेघा माझी नात. तेव्हा नववीत होती. नववीतली पोर दहावीच्या सेंटरवर कशाला, तर ह्याच पार्थची लेखनिक म्हणून. त्याच्या उजव्या हातात ताकद नाही, पेन धरला की बोटं आखडतात, असं मला घरात सांगितलं होतं. त्यानं तोंडानं सांगायचं आणि मेघानं कागदावर उतरवायचं. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, असा नियम आहे.

शर्टावर नाव लिहिणं वेगळं आणि तीन तास पेपर लिहिणं वेगळं, एवढं मला कळतं. एखाद्याला चार ओळी जमतात, पाचवी जमत नाही. म्हणून मी त्याच्या हाताकडं बघायचं सोडलं आणि मेघाकडं बघितलं. ती फाटकातून बाहेर येत होती. तिनं पार्थला लिहिताना बघितलं आणि तिला काहीच नवल वाटलं नाही. मग तिची नजर माझ्याकडं वळली. मी बघितलंय हे तिला कळलं आणि तिनं मान खाली घातली.

तेवढ्यात पार्थ पळत माझ्याकडं आला. "आजी, मेघाचं अक्षर एक नंबर आहे हां! तुमच्या पदरावर पण लिहू का काहीतरी?"

बरोबरची पोरं हसली. मी म्हणाले, "नको रे बाबा. बोटं आखडतील तुझी."

तो हसता हसता थांबला. पोरगा वाईट नव्हता. मला पाण्याची बाटली आणून द्यायचा, वाकून नमस्कार करायचा. त्याला कोणी सांगितलंच नसावं की ह्यात काही लपवायचं आहे.

आता पुन्हा मार्च आलाय. कडुनिंब मोहरलाय, अंगणात पांढरा चुरा पडतोय. नळाला पाणी येण्याचा आज दिवस आहे, म्हणून गल्लीत ड्रम मांडलेत. रसवंतीवाल्यानं घुंगरं बांधलीत. झेरॉक्सच्या दुकानासमोर पोरं हॉल तिकिटं घेऊन उभी आहेत आणि त्यांच्या आया त्यांच्या तोंडात दही-साखर कोंबतायत. ह्या वर्षी मेघा स्वतः दहावीला आहे. काल समोरची बाई म्हणाली, "तुमच्या मेघीचं काय टेन्शन? ती तर अक्षरावरच पास होईल." मी हंडा उचलला आणि घरात आले. तिला काय सांगणार?

माझं शिक्षण चौथीपर्यंत. दौलताबादच्या किल्ल्याखालच्या आमच्या वस्तीत त्यापुढं शाळा नव्हती, आणि असती तरी मला घातलं नसतं. आम्हाला शेख गुरुजी होते. घरी उर्दू लिहायचे, शाळेत मराठी शिकवायचे. एक लिपी उजवीकडून, दुसरी डावीकडून, पण दोन्हीकडं हात तोच. पाटीवर वाकून म्हणायचे, "अक्षराला मारायचं नाय पोरी, बसवायचं." शनिवारी आम्ही पाट्या कोळशानं घोटायचो आणि ओळीनं उन्हात ठेवायचो. ओल्या कोळशाचा तो वास मला अजून आठवतो. गुरुजींनी मला एकदाच शाबासकी दिली. दिली म्हणजे काय, माझी पाटी न पुसता दुसऱ्या दिवसापर्यंत फळ्याखाली ठेवली. बाकी सगळ्यांना पुसायला सांगितलं.

पुढं मला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांच्यातल्या एकानं खिशातून कागद काढला. "बाई, नाव-गाव लिहून दाखव." तेव्हा तशी रीतच होती. पोरीची चाल बघायची, केस बघायचे आणि अक्षर बघायचं. मी लिहिलं. कागद हातोहात फिरला. सासऱ्यांनी त्याची घडी करून कोपरीच्या खिशात ठेवली आणि लग्न ठरलं. नंतर त्या घरात मला कोणी पेन दिला नाही. लोणच्याच्या बरणीवर तेवढं मी खडूनं लिहायचे, गोड की तिखट. ते वाचणारी मीच.

मेघाला मात्र मी शिकवलं. ती तीन-चार वर्षांची असताना परातीत रवा पसरायचा, तिचं बोट धरायचं आणि अ काढायचा. मग पाटी. मग दुरेघी वही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ती माझ्याजवळ ओट्याखाली बसून लिहायची. सून म्हणायची, "आई, आता सगळं मोबाइलवर असतंय. कशाला पोरीची बोटं झिजवताय?" मी ऐकलं नाही. पाचवीत तिचं अक्षर असं झालं की वर्गशिक्षिका फळ्यावरचा सुविचार तिच्याकडून लिहून घ्यायची. सातवीत सुंदर हस्ताक्षराच्या स्पर्धेत पहिली आली. ते सर्टिफिकेट माझ्या मुलानं, अशोकनं, फ्रेम करून दरवाजासमोर टांगलं.

तिथूनच सगळं सुरू झालं. अशोक वाळूजला एका कारखान्यात कंत्राटी आहे. पाळ्या बदलत्या, रात्रपाळी जास्त. मेघा नववीत असताना दिवाळीनंतर आमच्याकडं सत्यनारायण होता, तेव्हा त्याचे साहेब सहकुटुंब आले. साहेबांच्या बायकोनं प्रसाद खाता खाता भिंतीकडं बघितलं. "ही तुमची का? अय्या, हस्ताक्षरात पहिली!" मग मेघाची वही मागवली, पानं उलटली आणि नवऱ्याला डोळ्यानं खुणावलं. मी समोर बसले होते. मला वाटलं, कौतुक चाललंय.

आठ-पंधरा दिवसांनी अशोक म्हणाला, "आई, साहेबांच्या पोराला हाताचा त्रास आहे. मेघाला लेखनिक म्हणून मागतायत. कागदपत्रं, शाळेची परवानगी, सगळं ते बघतायत."

मी म्हणाले, "दे की. पुण्याचं काम हाय. कोणाचा तरी हात व्हायचं."

हे मीच म्हणाले होते. मी खरंच अभिमानानं गल्लीत सांगत फिरले. साहेबीणबाईंनी दहावीची गाईडं पाठवली. "वाचून ठेव म्हणावं, शब्द ओळखीचे असले की भरभर लिहिता येतं." मला ते पटलं. संध्याकाळी गाईड मांडीवर घेऊन मी मेघाला प्रश्न विचारायचे आणि ती उत्तरं म्हणायची. दुसऱ्याचं सांगितलेलं लिहायला उत्तरं कशाला पाठ करावी लागतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. घरात ते फक्त माझ्याच डोक्यात आलं नाही.

त्याच सेंटरवर डोळ्यांनी दिसत नसलेली एक मुलगी होती. तिची लेखनिक तिला हाताला धरून आणायची. पेपर सुटला की दोघी माझ्या शेजारी पारावर बसून भांडायच्या.

"मी सांगितलं तस्संच लिहिलंस ना गं?"

"लिहिलं बाई, काना-मात्रेसकट."

"मग तू दुसऱ्या प्रश्नाला का थांबली होतीस?"

"तू चुकीचं सांगत होतीस म्हणून!"

"चुकीचं तर चुकीचं. पेपर कोणाचा आहे? माझा ना?"

मला गंमत वाटायची. मेघा आणि पार्थ कधी असे भांडले नाहीत. तो पेपर सुटल्यावर मित्रांकडं जायचा आणि ती माझ्याकडं. उत्तर बरोबर आलं का, ह्याची त्याला चिंताच नव्हती. हे मला तेव्हा दिसायला पाहिजे होतं.

त्या शेवटच्या दिवशी आम्ही रिक्षात बसलो. छावणी मागं पडली. मग मीच विचारलं, "तो तुला सांगायचा का?"

"पहिल्या पेपरला दोन ओळी सांगितल्या. मग म्हणाला, तुला येतंय ना, तूच लिही."

"आणि खोलीतल्या बाई?"

"त्या खिडकीपाशी बसायच्या. आमच्याकडं बघायच्याच नाहीत."

"मला का नाय सांगितलं गं?"

"पप्पा म्हणाले, आजीला सांगू नको."

रिक्षावाला आरशातून बघत होता. मी त्याला पुढं बघून चालवायला सांगितलं.

घरी सून ओट्यापाशी उभी होती. तिच्याकडं एकदा बघितलं आणि समजलं, हिलाही ठाऊक आहे. मी म्हणाले, "रोज डबा भरून देत होतीस तू तिला."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गल्ली गोळा केली असती," सून म्हणाली. आवाज चढवला नाही, पोळी उलटली. खोटं बोलली नाही ती. मी केलीच असती.

अशोक संध्याकाळी आला. हात-पाय धुवून चटईवर बसला. मी विचारलं. तो नाही म्हणाला नाही. "साहेबांचं काम होतं आई. नाय म्हणायला आपण कोण? उद्या कंपनीच्या गेटवर माझा पास चालला नाही तर?"

"आणि पोर पकडली असती तर?"

"कोण पकडतंय? आणि ती काय चोरी करत नव्हती. लिहीतच होती ना?"

"व्हय. लिहीतच होती," मी म्हणाले.

मी काय करायला पाहिजे होतं? तक्रार करायची, तर पहिलं नाव मेघाचं येणार. कागदावर अक्षर तिचं. पार्थचं काही नव्हतंच तिथं, त्याचा फक्त नंबर होता. मी जिभेची तिखट म्हणून गल्लीत प्रसिद्ध आहे, पण ह्या एका गोष्टीवर मला तोंड बंद ठेवावं लागलं, आणि ते ठेवायला लावलं माझ्याच पोरानं. पार्थ चांगल्या मार्कांनी पास झाला. पेढे आले. डबा ओट्यावर तसाच पडून राहिला, मुंग्या लागल्या तेव्हा सुनेनं टाकून दिला. अशोकची रात्रपाळी सुटली. आता तो रोज संध्याकाळी घरी जेवतो. त्याचा चेहरा सुधारला, पित्त कमी झालं. मी त्याला भाकरी वाढते. आईला वाढावीच लागते. पण पूर्वी मी तो जेवत असताना समोर बसायचे. आता बसत नाही.

मला राहून राहून एक गोष्ट वाटते. अक्षर शिकवताना आपण पोरांना काय काय सांगतो? ताठ बस. रेघ सोडू नको. वरच्या ओळीला टेकव. मान वर करू नको. सांगितलं तेवढंच लिही, मध्ये बोलू नको. मी मेघाला हेच सांगत आले. शेख गुरुजींनी मला हेच सांगितलं. आणि त्या खोलीत तिनं हेच केलं. मान वर केली नाही, मध्ये बोलली नाही, रेघ सोडली नाही. साहेबीणबाईंनी तिच्या वहीत अक्षर बघितलं की ही सवय बघितली, देव जाणे. बायकांना अशा गोष्टी पटकन दिसतात. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही बहुतेक तेच बघायचं असेल. नाव-गाव तर त्यांना ठाऊकच होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पावसाळ्यात एक दिवस मी मेघाचं दप्तर वाळत घालायला उघडलं आणि वही बघितली. मला वाटलं, दुसऱ्या कोणाची आणली. अक्षरं डावीकडं कललेली, वेलांट्या अर्ध्यात तुटलेल्या, काही शब्दांवर शिरोरेघच नाही. मी हाक मारली.

"हे काय कोंबडीचे पाय?"

"हातच तसा झालाय आजी."

"हात असा होत नाय. पडलीस का कुठं?"

"नाय."

"मग?"

"भराभर लिहावं लागतंय दहावीत," ती म्हणाली आणि वही ओढून घेतली.

मी रागावले. बसवून लिहून घेतलं. माझ्यासमोर तीन ओळी बऱ्या यायच्या, चौथीपासून पुन्हा तेच. शाळेतून बाईंनी सुनेला बोलावलं. सुनेनं मेघाला दोन धपाटे दिले. काही फरक पडला नाही. भिंतीवर ते सर्टिफिकेट होतं आणि त्याच्याखाली बसून पोर कोंबडीचे पाय काढायची. मला वाटलं, धक्का बसलाय. मला वाटलं, आळस आहे. काय काय वाटलं.

ते कळलं संक्रांतीनंतर. अशोक त्या दिवशी लवकर आला. चहा झाला. मग मेघाकडं न बघता म्हणाला, "बेटा, साहेबांच्या भाच्याची बारावी हाय. फेब्रुवारीत. तुझे पेपर सुरू होईपर्यंत त्याचे बहुतेक संपतायत."

सुनेनंच आधी म्हटलं, "अहो, तिची दहावी हाय!"

"तेच म्हणतोय, बहुतेक आधीच संपतायत. आणि बारावीचं तिला येणार नाय, त्यामुळं ह्या वेळी तो पोरगा स्वतः सांगणार हाय. खरोखर सांगणार."

मी तोंड उघडणार होते. मेघा उठली. दप्तरातून विज्ञानाची वही काढली, मधलं पान उघडलं आणि बापाच्या मांडीवर ठेवली.

"ह्या अक्षरात चालतंय का, विचारा साहेबांना."

अशोक वही बघत राहिला. त्यानं बहुतेक वर्षभरात तिची वही बघितलीच नव्हती. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. "हे कधीपासून?"

"जूनपासून. सराव केला मी."

सराव केला, म्हणाली. मी इतकी वर्षं तिच्याकडून सराव करून घेतला होता, मला त्या शब्दाचं वजन ठाऊक आहे. रोज बसून, जाणून-बुजून, एकेक वेलांटी मोडत गेली ती. पाठीचं हाड वाकवावं तसं. आम्हा तिघांपैकी कोणी तिच्यासाठी नाही म्हणेल ह्याची तिनं वाट बघितली नाही. माझीही बघितली नाही. मी तर ओट्याखाली तिचा हात धरणारी आजी. पण शेवटच्या पेपरानंतर मी गप्प बसले, एवढं तिनं बघितलं होतं.

अशोकनं वही मिटली आणि परत दिली. दुसऱ्या दिवशी साहेबांना काय सांगितलं ते आम्हाला माहीत नाही. पुन्हा विषय निघाला नाही. सर्टिफिकेट त्याच आठवड्यात भिंतीवरून उतरलं. कोणी उतरवलं हे कोणी विचारलं नाही. तिथं चौकोनी डाग आहे, बाकी भिंतीपेक्षा पांढरा.

शेजारच्या नसीमबी परवा त्यांच्या नातीला घेऊन आल्या. आलिया, पहिलीत आहे, पुढचे दोन दात पडलेले. "ओ मेघा की दादी, इसका हात बिठा देव ना. टीचर बोलती, चींटी चल गई जैसा लिखती."

"कशाला?" मी म्हणाले. "आता सगळं मोबाइलवर हाय."

"लो! तुमीच बोल्ते?"

"नसीमबी, पोरीचं अक्षर चांगलं झालं की लोक मागायला येतात."

"क्या मांगने आते?"

"हात."

त्यांना अर्थ लागला नाही, पण त्या हसल्या. "तो क्या करूँ? हात तोड के रख दूँ क्या छोकरी का?"

आलिया तोवर माझ्या ओट्यावरच्या पिठात बोटानं काहीतरी काढत होती. काय काढलं ते विचारलं, तर म्हणाली, "अ." तो अ नव्हता, पण तिला वाटत होता. मी अजून नसीमबींना हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.

लोक विचारतात, पोरांना सुंदर अक्षर शिकवायची आता गरज आहे का. शाळेच्या मीटिंगलाही हेच चाललं होतं. एक बाप म्हणाला, कॉम्प्युटर शिकवा. एक आई म्हणाली, अक्षरानं मन शांत होतं. माझ्याकडं कोणी बघितलं नाही, ते बरंच झालं. मला फक्त एवढं ठाऊक आहे की अक्षर ही माणसाची स्वतःची वस्तू असते असं मला वाटायचं. दागिना मोडता येतो, जमीन वाटली जाते, नाव तर लग्नात बदलतं आणि गावाचंही बदलतं. हाताचं वळण तेवढं आपलं राहतं, असा माझा समज होता. माझ्या घरात ते उसनं दिलं गेलं, मला न विचारता, आणि जिचं होतं तिलाही न विचारता. परत आलं तेव्हा तिला ते नको होतं.

आज सकाळी मी तिला म्हणाले, "पेपरात तरी चांगलं लिही गं. तपासणारा माणूस तुला ओळखत नाय. आता तुझंच हाय सगळं."

ती बूट घालत होती. म्हणाली, "येत नाय आता आजी. खरंच येत नाय. काल लिहून बघितलं."

खरं बोलली की मला गप्प करायला बोलली, हे मला कळलं नाही. पूर्वी कळलं असतं. अशोक तिला सोडायला गाडी काढत होता, तिनं त्याला नको म्हटलं आणि रिक्षानं गेली, एकटी. मला बरोबर घेतलं नाही.

हे सगळं घडलं ते माझ्या नातीच्या बाबतीत घडलं. ती पंधरा वर्षांची आहे आणि आज तिचा भूमितीचा पेपर आहे.